ओके, आणि बाकी?



परवा मुलीला मेसेज केला. ती पुण्यात शिकते, होस्टेलवर राहते. मी आपला चांगला सहा-सात ओळींचा मजकूर लिहिला होता. गावाकडं पाऊस कसा आहे, आईच्या गुडघ्याचं काय झालं, पैसे पाठवलेत ते मिळाले का, वेळेवर जेवत जा, असं सगळं. मोबाईलवर मराठी टाइप करायला मला वेळ लागतो, अर्धा तास त्यातच गेला. उत्तर मात्र मिनिटभरात आलं. एकच इंग्रजी अक्षर, 'के'.

आधी वाटलं, चुकून दाबलं गेलं असेल. शेजारच्या पोराला दाखवलं तर तो हसून म्हणाला, "काका, के म्हणजे ओके. आता ओ कोण लिहितंय?"

मुळात दोन अक्षरांचा शब्द, तोही आता अर्ध्यावर आला म्हणायचा! पण या शब्दाशी माझं नातं जुनं आहे. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी हा शब्द किती वेळा बोललो आणि किती वेळा ऐकला, त्याची गणती नाही. रात्रीच्या पहाऱ्यावर तर जप केल्यासारखा. म्हणून आज त्याच्याविषयीच लिहितो.

'ओके'चा अर्थ मला पहिल्यांदा सांगितला तो ट्रेनिंगमधल्या आमच्या उस्तादांनी. दुपारचा वर्ग, निम्मे रिक्रूट डुलक्या घेतायत. उस्तादांनी फळ्यावर भलंमोठं शून्य काढलं आणि पुढं इंग्रजी 'के' लिहिलं. म्हणाले, "ज़ीरो किल्ड! लढाईनंतर जी कंपनी एकही जवान न गमावता परत यायची, ती बोर्डावर असं लिहायची. म्हणून ओके म्हणजे सब सलामत." आमची झोप उडाली. अंगावर काटा आला. पुढं मी स्वतः कितीतरी वर्षं नवीन पोरांना ही गोष्ट अशीच तिखटमीठ लावून सांगितली.

मग एकदा एका छावणीच्या वाचनालयात एक जाडजूड पुस्तक हाती लागलं आणि त्या गोष्टीतली हवाच गेली. 'ज़ीरो किल्ड'वाले तिचा संबंध अमेरिकेतल्या यादवी युद्धाशी लावतात. ते युद्ध १८६१ ते १८६५ या काळातलं. ओके हा शब्द मात्र त्याच्या बावीस वर्षं आधी, २३ मार्च १८३९ रोजी, 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्रात छापून आलेला आहे. त्या काळी तिकडच्या शहरी लोकांमध्ये एक टूम निघाली होती. शब्दांचं स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं आणि त्या चुकलेल्या स्पेलिंगची आद्याक्षरं वापरायची. 'ऑल करेक्ट' म्हणजे सगळं बरोबर. त्यातल्या ऑलचा 'ए' काढून 'ओ' घातला, करेक्टचा 'सी' काढून 'के' घातला आणि ओके तयार झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. मार्टिन व्हॅन ब्यूरन हे उमेदवार किंडरहुक गावचे, म्हणून त्यांना 'ओल्ड किंडरहुक' म्हणायचे. त्यांच्या समर्थकांनी त्या आद्याक्षरांवरून ओके क्लब काढले. व्हॅन ब्यूरन ती निवडणूक हरले, शब्द मात्र जगभर गेला. ॲलन वॉकर रीड नावाच्या प्राध्यापकांनी १९६० च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून हे सगळं पुराव्यानिशी मांडलं.

मला गंमत वाटली ती वेगळीच. शब्दाचा अर्थ 'सगळं बरोबर', आणि त्यातली दोन्ही अक्षरं चूक!

तेव्हा हसलो आणि पुस्तक मिटलं. त्या विनोदात किती तथ्य आहे, ते पुढं कळायचं होतं.

फौजेत हा शब्द जागोजागी वेगवेगळी वर्दी घालून भेटतो. राजस्थानात असताना मी काही महिने गाड्यांच्या बाजूला होतो. तिथं वर्कशॉपमधून निघालेल्या गाडीला ड्रायव्हर ओके म्हणाला, की त्याचा अर्थ 'चालेल'. किती चालेल ते विचारायचं नाही. कॉन्व्हॉय घेऊन हायवेला लागलो की पुढच्या प्रत्येक ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज'. त्या तीन शब्दांमध्ये ओकेचं काम काय, ते एकाही ड्रायव्हरला मला धड सांगता आलं नाही. आपल्या महाराष्ट्र सरकारने तर २०१५ मध्ये ती पाटी लिहायलाच बंदी घातली, कारण वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात. तरी ती दिसायची थांबली नाही.

आसामात गेलो तर दुकानदार 'होबो' म्हणायचा. शेजारी गोरखा पलटण होती, ते 'हुन्छ' म्हणायचे. दक्षिणेकडचे जवान 'सरी' म्हणायचे आणि पंजाबी 'चंगा जी'. पण या सगळ्यांना एकमेकांशी बोलायचं झालं, की शेवटी गाडी ओकेवर यायची. पाच भाषांच्या माणसांना एका ट्रकमधून सामान उतरवायला तेवढा एक शब्द पुरतो, हे मी पाहिलेलं आहे.

आपल्या मराठीत हे काम 'बरं' करतो. कुणी काही सांगितलं, "बरं." पुढं बोला, "बरं, मग?" तब्येत, "बरं वाटत नाही." समाधान, "बरं झालं." वैताग, "बरं बाबा, तुझंच खरं." दमदाटी, "याद राख, बरं का." आमच्या आबांचा तर दिवस 'बरं'वर सुरू व्हायचा आणि 'बरं'वर संपायचा. पण 'बरं' कसं म्हटलं, त्या सुरावरून आईला सगळं कळायचं. ओकेचा सूर असा सहज पकडता येत नाही. त्यातून तो टेलिफोनच्या तारेतून किंवा रेडिओच्या खरखरीतून आला, तर मुळीच नाही.

म्हणूनच रेडिओवर बोलायच्या शिस्तीत ओकेला जागा नाही. सिग्नलचं काम केलेल्या मंडळींना हे आठवत असेल. 'रॉजर' म्हणजे तुमचा निरोप पूर्ण मिळाला, एवढंच. हो म्हटलं असा त्याचा अर्थ नाही. 'विल्को' म्हणजे निरोप मिळाला आणि त्याप्रमाणे करतो. दोन अर्थांना दोन वेगळे शब्द. ओके म्हटलं तर पलीकडच्याने काय समजायचं? ऐकलं? पटलं? करतो? की माझी तब्येत ठीक आहे? शिकवताना उस्ताद हे घोकून घ्यायचे. प्रत्यक्षात मात्र चौकीवर गेलं, की रात्रभर एकच चालायचं, "सब ओके, साहब."

आता मूळ गोष्टीकडे येतो.

मी तेव्हा हवालदार होतो. उत्तरेकडं, सतरा हजार फुटांच्या आसपासच्या एका चौकीवर होतो. नेमकी कुठली ते सोडून द्या. लेहला उतरल्यापासून नियमाप्रमाणे टप्प्याटप्प्याने वर गेलेलो. पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, दुसऱ्यावर चार, पंधरा हजारांच्या वर पुन्हा चार. शरीराला विरळ हवेची सवय लागावी म्हणून हा क्रम असतो. तरीही वर गेल्यावर कुणाचं शरीर कधी दगा देईल, याचा भरवसा नसतो. फुप्फुसात पाणी भरतं किंवा मेंदूला सूज येते. सुरुवात साध्या डोकेदुखीपासून होते आणि वेळेत खाली नेलं नाही, तर माणूस एका रात्रीत जातो. हे प्रत्येकाला शिकवलेलं असतं.

आमच्यात कोल्हापूरकडचा एक जवान होता. तालमीत वाढलेला, मानेचा खांब झालेला. त्याला सगळे पैलवानच म्हणायचे. दोघांचं ओझं एकटा उचलायचा.

एका रात्री तो पहाऱ्यावर होता. थंडी इतकी, की ड्यूटी एका तासाचीच ठेवली होती. दर पंधरा मिनिटांनी फील्ड टेलिफोनवर रिपोर्ट द्यायचा. मी आत बुखारीजवळ टेलिफोनपाशी बसलेलो. पहिला रिपोर्ट आला, "सब ओके, उस्ताद." दुसरा आला, "सब ओके." तिसऱ्या वेळी नुसतंच "ओके."

टेलिफोन ठेवणार होतो. पण त्या रात्री मलाच झोप येत होती, ती घालवायला म्हणून मी सहज विचारलं, "काय रे पैलवान, वारा कसा आहे?"

"ओके."

"हातमोजे घातलेत ना?"

"ओके."

"तुझ्यानंतर ड्यूटीवर कोण येणार आहे?"

"ओके, उस्ताद."

मी बूट चढवून बाहेर पळालो. पैलवान मोर्चात बसून होता. रायफल मांडीवर आणि एका हाताचा मोजा काढून बर्फात पडलेला. मला बघून तो उठायला गेला आणि बाजूच्या भिंतीवर कलला. दोघांनी धरून त्याला आत आणलं. तिथं मी त्याला शिकवल्याप्रमाणे चालायला लावलं. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत दहा पावलं टाकायची. तिसऱ्या पावलाला आखाड्यातला तो गडी दारू प्यायल्यासारखा आडवा झाला.

रेडिओवर खालच्या डॉक्टर साहेबांशी बोललो. त्यांनी सांगितलं ते इंजेक्शन नर्सिंग असिस्टंटने दिलं. ऑक्सिजन लावला आणि पैलवानाला हापो बॅगेत घातलं. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही माणूस मावेल एवढी हवाबंद पिशवी असते. बाहेरून पायपंपाने हवा भरत राहायचं. आतला दाब वाढतो, म्हणजे माणूस आहे तिथंच असतो, पण त्याच्या शरीराला काही हजार फूट खाली उतरल्यासारखं होतं. पंप थांबवून चालत नाही. आत ताजी हवा जात राहिली पाहिजे. रात्रभर आम्ही आळीपाळीने पंप मारत होतो. पिशवीला एक पारदर्शक खिडकी असते. मध्येच मी तिच्यातून बॅटरी मारून अंगठा वर करून विचारायचो, ओके? तोही आतून अंगठा वर करायचा. पण आता त्या अंगठ्यावर माझा विश्वास उरला नव्हता. मी त्याचे डोळे आणि छाती बघत होतो.

सकाळी हवा उघडली, चीता हेलिकॉप्टर आलं आणि त्याला घेऊन गेलं. गडी वाचला.

नंतर कळलं, की त्याचं डोकं दोन दिवसांपासून दुखत होतं. एकदा झोपडीमागं जाऊन उलटीही करून आला होता. कुणाला सांगितलं नाही. खाली पाठवलं तर पोरं म्हणतील, पैलवान पळाला. पुढं मी त्याला हॉस्पिटलात भेटलो तेव्हा रागानं म्हणालो, "मला ओके ओके काय सांगत होतास?" तो म्हणाला, "उस्ताद, मी खोटं नव्हतो बोलत. तुमचा आवाज ऐकू येतोय, एवढंच सांगत होतो."

यावर काय बोलणार? त्याने 'रॉजर' या अर्थाने ओके म्हटलं होतं आणि मी 'सब सलामत' या अर्थाने ऐकलं होतं.

त्या दिवसापासून मी माझ्या पोरांना 'ओके?' असं विचारायचं बंद केलं. त्याऐवजी ओके म्हणून सुटताच येणार नाही असे प्रश्न विचारायचो. सकाळपासून किती मग पाणी प्यालास? लघवीचा रंग कसा होता? काल रात्री काय जेवलास, आणि ते पोटात राहिलं का? मोजे काढ, बोटं दाखव. पोरं मागून हसायची, उस्तादांचा दवाखाना उघडला म्हणायची. हसू देत.

बोटांवरून आठवलं. माझ्या स्वतःच्या डाव्या पायाची दोन बोटं तेव्हा आठवडाभर बधिर होती आणि मीही ते कुणाला सांगितलं नव्हतं. पैलवानाला खाली पाठवल्यावर त्याच दिवशी मी नर्सिंग असिस्टंटसमोर मोजा काढला. आधी त्याने माझ्या पायाकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. बोलला काही नाही.

रविवारी चौकीवर सॅटेलाइट फोन मिळायचा. रांग लावायची, माणशी दोन-तीन मिनिटं. माझं घरचं बोलणं ठरलेलं. मी म्हणायचो, "इकडं सगळं ओके." ही म्हणायची, "इकडं पण सगळं ओके आहे, काळजी करू नका." मग मुलीचा आवाज, की वेळ संपली. आबांना फोन दे म्हटलं तर उत्तर यायचं, "रानात गेलेत." असे सात-आठ रविवार गेले असतील. आबा शेतकरी माणूस, रानात जाणारच. मला त्यात काही खटकलं नाही.

पैलवानाच्या घटनेनंतरच्या रविवारी ती म्हणाली, "इकडं सगळं ओके." मी म्हटलं, "बरं. आणि बाकी?"

पलीकडं काहीच आवाज नाही. सॅटेलाइट फोनला आवाज पोचायला जरा उशीर लागतोच, पण ही शांतता तशी नव्हती. मी म्हटलं, "आबांना फोन दे. रानात असतील तर कुणाला तरी पाठव. मी रांगेत पुन्हा उभा राहतो."

तेव्हा ती रडायला लागली. आबांना दोन महिन्यांपूर्वी लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. साताऱ्याला दवाखान्यात ठेवून घरी आणलं होतं. आईने सगळ्यांना ताकीद दिली होती, "त्यो बर्फात उभा हाय. त्याला येतं का येता? कशाला जिवाला घोर लावायचा?"

माझ्यामागच्या जवानाने माझं तोंड पाहिलं आणि आपली मिनिटं मला देऊन टाकली. त्याच्या मागच्यानेही दिली. आबांच्या कानाला फोन लावला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग एकच शब्द आला, जड आणि वाकडा. पण मला कळला.

"थंडी?"

त्या क्षणी नेहमीप्रमाणे ओके म्हणायचं तोंडावर आलं होतं. म्हटलं नाही. म्हणालो, "हाय आबा. लई हाय. पायाची दोन बोटं बधिर झालीत. औषध चालू हाय."

"हं," म्हणाले. त्या 'हं'मध्ये त्यांचं जुनं 'बरं' होतं.

लगेच आईने फोन ओढून घेतला. "बोटं बधिर झालीत आन् आमाला सांगितलं न्हाईस?" मी म्हटलं, "तुम्ही तरी कुठं सांगितलं?" मग दोघंही गप्प. दोन्हीकडून दोन महिने 'ऑल करेक्ट' चाललं होतं, आणि दोन्हीकडची अक्षरं चूक होती.

साहेबांनी रजा दिली. मी घरी पोचलो तेव्हा आबा काठी धरून उंबऱ्यापर्यंत यायला लागले होते. त्यानंतर ते चार वर्षं होते. त्या चार वर्षांत मी कुठंही असलो, तरी आमचं बोलणं 'बाकी'पासूनच सुरू व्हायचं. हिशेबाच्या वहीत बाकी म्हणजे यायचं राहिलेलं. फोनवरही तसंच असतं. ओके झाल्यावर जे यायचं राहतं, तीच खरी खबर.

घरच्यांनी लपवलं म्हणून मी त्यांना दोष देत नाही. दूरच्या माणसाला रात्री झोप लागावी म्हणून आपण ओके म्हणतो, हे फौजीला आणि त्याच्या घरच्यांना सांगायला नको. तुमच्यापैकी कितीजणांनी गोळ्यांच्या आवाजात फोनवर हात ठेवून "काही नाही गं, फटाके आहेत" असं सांगितलं असेल, ते मला माहीत आहे. सांगणाऱ्याने ओकेच सांगावं, ती त्याची माया आहे. पण ऐकणाऱ्याने तिथंच फोन ठेवू नये, एवढं मला त्या चौकीने शिकवलं.

तर परवाचा तो 'के'. मी शेजारच्या पोराचे आभार मानले, अंगणात खुर्ची टाकली आणि मुलीला फोन लावला.

"अहो बाबा, मेसेज केला ना मी. सगळं ओके आहे."

"बरं. आणि बाकी?"

जरा वेळ काही नाही. मग म्हणाली, "तुम्हाला वेळ आहे का?"

एक तास दहा मिनिटं बोललो. काय बोललो ते इथं लिहीत नाही, तो तिचा विषय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने मी आणि तिची आई पुण्याला गेलो, एवढं सांगतो.

जय हिंद.